भुसभुशीत वाळूचा नमुना

३ जानेवारी १९९४
परभणीत रुजू झाले! पुण्याहून निघताना सगळ्यांनी नाकं मुरडली होती, पण खोली लख्ख आहे आणि घरमालकीण नर्मदाबाईंच्या हाताला चव आहे. सातवा महिना म्हणून आमचे साहेब दिनकरराव बसून काम करा म्हणाले. मी कसली ऐकते! किल्लारीच्या भूकंपानंतर नदीकाठच्या वाळूची तपासणी करायची आहे. ओली वाळू रबराच्या पातळ पिशवीत भरायची, काचेच्या नळकांड्यात उभी करायची आणि यंत्राने सेकंदाला एक हिसका द्यायचा. आतल्या पाण्याचा दाब चढतो आणि एका क्षणी वाळूची पेज होते. मला तर पाहताना मजा येते. बाळही पोटात ढुशा देतं.

६ जानेवारी
येलदरीच्या खाली पूर्णेकाठची सगळ्यात भुसभुशीत वाळू हवी, असं मी प्रयोगशाळेतल्या आश्रुबांना बजावलं होतं. दोनदा घट्ट आणली, दोनदा परत पाठवली. आजची अगदी हवी तशी, पण शी! नासक्या दुधाचा वास. चाळणीला पांढरा बुळबुळीत थर बसला. पिशवी मीच भरतो म्हणून आश्रुबा मागे लागले होते, मी हाकलून दिलं. साबणाने तीनदा हात धुतले, तरी घास उतरला नाही.

८ जानेवारी
शंभर हिसक्यांच्या आत वाळू पातळ झाली. पिशवी लिबलिबीत झाली आणि फुगली. काढलेल्या पाण्यावर साय आली होती, तिच्यात जावळासारखे बारीक केस. मोरीत जाऊन ओकले. यंत्र बंद केल्यावरही दाबाचा काटा हलत होता. नळीत हवा शिरली असेल.

९ जानेवारी
उरलेली वाळू चाळताना बाळाची मनगटी सापडली, काळ्या मण्यांची. आश्रुबांना फैलावर घेतलं. ते खाली मान घालून म्हणाले, बाई, बिनदाताचं लेकरू जाळीत न्हाईत, तितं पुरत्यात. जागा सारखी उकरलेली, म्हून वाळू मोकळी. तुमी दोनदा परत धाडलाव, मंग म्या काय करू? पोटुशी बाईनं हात लावू नये म्हून तर मी भरतो म्हणलो.
मला त्यांची किळस आली. मग स्वतःची, कितीतरी जास्त.

१० जानेवारी
वाळू होती तिथे पुरून या, असं आश्रुबांना म्हटलं. पण पिशवी यंत्रातून सुटेना. हात लावला — कोमट. शी, शी. आणि पोटातलं बाळ त्या काट्याबरोबर ढुशा देतंय. सेकंदाला एक.

११ जानेवारी
सकाळपासून पोट गप्प. साखर खाल्ली, डाव्या कुशीवर निजले — काही नाही. नर्मदाबाई रिक्षा आणायला धावल्या.

चाचपतेय. काल इथे टाच होती. आज टाच नाही, डोकं नाही — नुसतं डचमळतंय — पातळ —

आश्रुबा दारात आलेत. सांगतायत, बाई, त्या पिशवीत टाच हाताला लागायलीय, ढुशा द्यायलीय. मी त्यांना कसं सांगू की ती टाच माझ्या —