व्हय म्हाराजा

शुक्रवार, संध्याकाळ. खैतान.

आज तुरुंगातून बाबल्याचा फोन आला. माझा चुलतभाऊ. दोघं एकदमच गावातून इथे आखातात सुतारकामाला आलो. नशेच्या गोळ्यांपायी तो आत गेला, मी बाहेर रंधा मारतोय.

म्हणाला, "व्यसन सोडवूचो कोर्स घेतलंय. नीट पुरो केलंय तर शिक्षेत सूट गावतली."

नुसती सूट मिळावी म्हणूनच करतोय का हा? विचारणार होतो, धीर झाला नाही.

तिथे म्हणे सगळे गोल बसतात आणि एकेकाने उठून आपलं सांगायचं. काल एक मिसरी, इजिप्तचा कैदी, रडत म्हणाला, देवा, यातून सोडव. कोणीतरी ते हिंदीत सांगितलं, आणि बाबल्या एकदम ओरडला, "व्हय म्हाराजा!" सगळे बघतच राहिले.

मी पोट धरून हसलो. मग गाव आठवलं. शिमग्यात त्याचे वडील देवळासमोर गाऱ्हाणं घालायचे. परगावी गेलेल्या लेकरांना सुखरूप घरी आण, म्हणायचे. मागून आम्ही पोरं बेंबीच्या देठापासून, "व्हय म्हाराजा!" बाबल्याचा आवाज सगळ्यांच्या वर. नारळाचं खोबरंही तोच आधी पळवायचा.

फोन ठेवताना म्हणाला, "रविवारी माझी पाळी. पण माझ्या मागसून व्हय म्हणूक हय कोण आसा?"

मी काही बोलायच्या आत फोन कट झाला.

खोलीत बाकीचे टीव्ही बघत होते. तरी म्हटलं. मोठ्याने.