मुखवटा घरात घालत नाहीत

सोनरहो, फानो बेट
४ सप्टेंबर १८९३

चि. आबेलोना हिस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि., तुझं पत्र आणि त्यासोबतचं वर्तमानपत्र टपालगाडीने पोचलं. तुझ्या एमिलने आपल्या बेटावरच्या गावांविषयी जे छापलंय ते शेजारच्या बोटिल्डाने चुलीपाशी बसून मोठ्याने वाचून दाखवलं. हे पत्रही मी सांगतेय आणि ती लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. लहानपणी पाद्रीबाबांच्या परीक्षेत मी अख्खं धडापुस्तक घडाघडा म्हणून दाखवलं आणि पुस्तक उलटं धरलं होतं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाठांतरावर माणूस चर्चची पायरी चढतो, पुढचं लिहायला शेजारीण लागते.

तर आमचे होऊ घातलेले जावईबापू दोन दिवस बेटावर हिंडले. बंदराकडच्या नॉर्डबी गावाचं त्यांना भारी कौतुक. तिथली जहाजं, धक्क्यावरची लगबग, रंगवलेल्या खिडक्या. मग समुद्रस्नानासाठी बांधलेलं नवं हॉटेल. तिथे पाहुण्या बायकांना चाकं लावलेल्या लाकडी खोलीत बसवतात आणि घोडा ती खोली पाण्यापर्यंत ओढत नेतो. एवढा खटाटोप करून बाई भिजते गुडघाभर. बोटिल्डाला हसू आवरेना, तीनदा थांबली.

आणि शेवटी आपलं सोनरहो. आपलं गाव म्हणे झोपलंय आणि वाळू एक दिवस त्याच्या डोक्यावरून पांघरूण ओढणार. रस्त्यात काळे मुखवटे घातलेल्या बायका, कापलेल्या शेतातल्या कावळ्यांसारख्या. आणि एका घरात एक निरक्षर म्हातारी, जिला आपला नवरा कुठल्या समुद्रात बुडाला हेही सांगता येईना.

ती म्हातारी मीच की ग! नाव त्याने विचारलं नाही म्हणून छापलं नाही. पण बुडाल्याचं मी सांगितलं होतं. तुझा आजोबा सोनिच आइसलंडच्या वाटेला गेला आणि जहाज परत आलं नाही, एवढं सगळं सांगितलं. तर हा म्हणतो, नेमकं कुठे? जे जहाज परत आलं नाही त्याचं नेमकं कुठे, हे सांगायला कोण येणार होतं? त्याला सांग, समुद्रात दारांवर नंबर नसतात. आणि गाव झोपलेलं वाटलं कारण हा आला भर दुपारी, एक मी सोडून सगळ्या कुरणात गवत करत होत्या. जागं गाव बघायचं होतं तर गवत ओढायचं दाताळं घेऊन तिकडे जायचं.

असो. तब्येत सांभाळ, शिवणकामात डोळे फोडू नकोस. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे. एमिलवरचा जरा वाळत घातलाय.

तुझी आजी सिसेल
(अक्षर बोटिल्डाचं, जीभ माझी)


कोपनहेगन
१५ सप्टेंबर १८९३

ती. आजीस,

आबेलोनाचा सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग खोलीचं दार लावून रडले. एमिललाही दाखवलं. ती म्हातारी माझी आजी हे त्याला ठाऊकच नव्हतं, कानापर्यंत लाल झाला. म्हणाला की प्रवासाचं लिहिताना माणसं थोडी लांबूनच बघावी लागतात, पण मनात वाईट काही नव्हतं. ते खरं आहे आजी. तो शाळेत पोरांवरसुद्धा आवाज चढवत नाही.

आता महत्त्वाचं. त्याचा तो लेख इथे फार गाजला. ऑक्टोबरात एका मोठ्या सभागृहात त्याने तो वाचून दाखवायचा आहे, शेजारी दिव्याच्या यंत्रातून पडद्यावर चित्रं. एक प्रकाशक येणार आहेत. त्यांना आवडलं तर सगळ्या बेटांचं पुस्तक निघेल, आणि एमिलच्या आईने स्वच्छ सांगितलंय की पुस्तक निघाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही. म्हणजे सगळं त्या एका संध्याकाळवर आलंय.

एमिलचं म्हणणं आहे की मी आपल्या बेटावरचा पूर्ण पोशाख करून, मुखवटा बांधून मंचावर उभं राहावं. बोलायचं काही नाही. तो काठीने दाखवत समजावून सांगेल. तेव्हा निळ्या पेटीतले माझे घागरे, रुमाल आणि मुखवटा टपालाने पाठव.

तू चिडशील हे माहीत आहे. पण नुसतं उभं तर राहायचंय, त्यात माझं काय जातंय? आणि मला त्याच्याशी लग्न करायचंय, हे आडवळण न घेता सांगते. जूनमध्ये बेटावरून परतताना फेरीबोटीच्या धक्क्यावर त्याने माझं गाठोडं उचललं तेव्हापासून करायचंय.

बोटिल्डामावशीला नमस्कार. रागावलीस तरी पत्र टाळू नकोस, एवढं मागणं.

तुझी आबेलोना


सोनरहो
२२ सप्टेंबर १८९३

चि. आबेलोना हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि., कपडे पाठवणार नाही. पेटीची किल्ली माझ्या कमरेला आहे आणि रात्रीही तिथेच असते.

काय जातंय म्हणून विचारतेस? मुखवटा आपण कशाला बांधतो ग? वाऱ्याबरोबर वाळू येते, ती तोंड सोलून काढते म्हणून. तुझ्या आईने तो बांधून ओहोटीच्या वाळूतून गाडी ओढली आणि तू त्या गाडीत गवतावर झोपलेली होतीस. कोपनहेगनच्या सभागृहात कुठली वाळू उडणार आहे? आणि आपल्याकडे मुखवटा उंबऱ्यावर सोडतात. तोंड झाकून घरात येणाऱ्याला आपण खुर्ची देत नाही, मग तो पाद्रीबाबा का असेना. घरात माणसांसमोर तोंड झाकायचं, आणि वरून गप्प उभं राहायचं! तुला लहानपणी गप्प करायला मला गुळगुळीत दगड चोखायला द्यावा लागायचा. एमिल काठी दाखवून काम भागवतोय, हुशार आहे.

तो वाईट नाही, मान्य. गाठोडं उचलणारा मुलगा मलाही आवडतो. पण बोजा उचलणं वेगळं आणि बाईला बोजा करून मंचावर ठेवणं वेगळं.

*

वरचं काल सांगितलं. आज पुढे. काल संध्याकाळी सगळ्या बायका आल्या, बोटिल्डाने बातमी पोचवली होती, तिच्या पोटात काही राहत नाही (हे तीच लिहितेय, तोंड वाकडं करून). भांडणच लागलं. मेटा म्हणाली, पाठव कपडे, बघू दे राजधानीला आपल्या शिवणीचे टाके. कारेन म्हणाली, त्यापेक्षा बकरी पाठवा, तीही गप्प उभी राहते. मी कुणाचं ऐकलं नाही. पण रात्री मनात आलं, ते घागरे तू शिवलेस. मुखवटा तुझ्या तोंडाच्या मापाचा आहे. माझी आहे ती नुसती किल्ली.

म्हणून गाठोडं पाठवतेय. सगळं आहे, मुखवटासुद्धा. संमती त्यात शोधू नकोस, ती बांधलेली नाही. तुला डोकं आहे, ते मी कधी पेटीत ठेवून घेतलं नव्हतं.

लोभ आहे म्हणूनच एवढी चिडलेय, हे ओळखून असावीस.

आजी सिसेल


कोपनहेगन
२० ऑक्टोबर १८९३

ती. आजीस,

सा. न. वि. वि. ती संध्याकाळ झाली. जशी झाली तशी सांगते.

सभागृह भरून गेलं होतं. नॉर्डबीची चित्रं झाली, हॉटेल झालं, टाळ्या झाल्या. मग दिवे थोडे वाढवले आणि मी मुखवटा बांधून मंचावर आले. पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली, मग हशा पिकला. एका गृहस्थाने शेजाऱ्याला विचारलं की ही खरी आहे की आतून कुणी नटी आहे. एमिल काठीने दाखवू लागला. रुमालाची गाठ, घागऱ्यांच्या घड्या. वाचताना तो त्या म्हाताऱ्या बाईपाशी आला, जिला नवरा कुठे बुडाला ते सांगता येईना, आणि त्याच वेळी काठीचं टोक माझ्या खांद्याला लागलं. बाजारात गायीला लावतात तसं.

मी मागे हात नेऊन गाठ सोडली. ठरवलं नव्हतं आजी, हातच गेला. मी म्हटलं, माफ करा, आमच्याकडे मुखवटा घरात घालत नाहीत आणि मी केव्हाची घरात आलेय. ती म्हातारी माझी आजी आहे. तिचं नाव सिसेल सोनिच. नवरा कुठे बुडाला हे तिला माहीत नाही कारण ते कुणालाच माहीत नाही. आणखी काही विचारायचं असेल तर मला विचारा, मला तोंड आहे, आता दिसतंयही.

फक्त मघाच्या किंचाळलेल्या बाईने विचारलं की उन्हाळ्यात फार गरम होतं का. मी म्हटलं, होतं.

गंमत पुढेच आहे. प्रकाशक खूश! म्हणाले, पुस्तक काढू आणि या मुलीने मुखवटा फेकल्याचा प्रसंगही घाला, लोक उड्या मारतील. एमिलचा चेहरा खुलला. रस्त्याने चालताना मी त्याला सांगितलं की लेखात आहे तसंच आपलं गाव त्या पुस्तकात छापलं तर मी त्याच्या घरात नसेन. त्याने म्हटलं की एका परिच्छेदासाठी एवढं? मी अंगठी काढून त्याच्या हातमोज्यात टाकली.

त्याला आठ दिवस झाले. तो आला नाही. मी शिवणकामाला रोज जाते. रात्री मात्र फार वाईट जातात. तुझ्या जिभेचा थोडा वाटा मला आला आहे असं दिसतंय. आता तुझी मायाही थोडी जास्त पाठव.

तुझी आबेलोना


सोनरहो
९ नोव्हेंबर १८९३

चि. आबेलोना हिस,

आशीर्वाद, या खेपेला मोजमाप न करता. वि. वि., तुझा एमिल इथे येऊन गेला. काल वारा असा होता की टपालगाडीचा घोडा उलटा चालत होता. त्यातून हा उतरला, टोपी केव्हाच जर्मनीला गेलेली. दारात उभा राहून म्हणाला की माझी चूक झाली. मी म्हटलं, ते जिला सांगायचं ती कोपनहेगनला राहते, तू भलत्याच फेरीत बसलास. मग म्हणाला की मी सोनरहो नव्याने लिहून आणलंय, ऐकाल का?

मी म्हटलं, गाव सगळ्यांचं आहे, सगळ्यांना वाच. लोकर पिंजायला बायका जमल्याच होत्या. त्याला मध्ये उभा केला.

पोरी, तू हवी होतीस! झोपलेलं गाव ही ओळ त्याने ठेवली होती, शेवटी फक्त सुंदर शब्द लावले होते. बोटिल्डाने विचारलं की झोपलेलं कुणाला पाहिलंस, नाव सांग, आम्ही उठवतो. ओळ गेली. वाळूचं पांघरूण गेलं. कावळ्यांना त्याने राजहंस केलं होतं. मेटा म्हणाली की हंस शेण टाकतो का रे कुरणात? गेले हंसही. मग आमच्या शौर्याची ओळ आली. समुद्राशी झुंजणाऱ्या वीर स्त्रिया वगैरे. कारेन म्हणाली, ज्याला गाडी ओढायला हात लावायचा नसतो तो वीर म्हणतो. तीही खोडली. शेवटी सोनिचवर लिहिलेलं होतं. खरं सांगते, चांगलं होतं, दोघीतिघींनी डोळे पुसले. मी म्हटलं, हा माझा आहे, हा छापायचा नाही. एमिलने मान खाली घालून तेही खोडलं.

उरलं एवढंच: सोनरहोला गेलो. वारा होता. सिसेल सोनिच यांच्या घरी बसलो.

बायकांनी विचार केला आणि म्हणाल्या, हे खरं आहे. मी म्हटलं, हे छाप.

तो तेवढा कागद घेऊन तुझ्याकडे निघालाय. तुझ्या वतीने मी एक शब्दही दिलेला नाही. छापतो की नाही ते आधी बघ. नाही छापलं तर तुझी खाट इथे आहे आणि कुरणात काम पुष्कळ आहे. छापलं तरी तुझं मन होईल तेच कर, कुणाच्या आईला, आजीलाही, विचारू नकोस.

माया मागितलीस, ती सोबत आहे. बोटिल्डाने विचारलं की कुठे लिहू, मी म्हटलं समासात.

आजी सिसेल


कोपनहेगन
२ मार्च १८९४

ती. आजीस,

सा. न. वि. वि. पुस्तक आलं. नॉर्डबीला सात पानं आहेत, हॉटेलला पाच. नंतरच्या पानावर वर सोनरहो असं नाव, खाली तुमच्या तीन ओळी, आणि उरलेलं पान पांढरं. प्रकाशक फार ओरडले. कागद फुकट जातो म्हणाले, मुखवट्याचा प्रसंग तरी घाला म्हणाले. एमिल म्हणाला की मग पुस्तकच नको. हे त्याने मला सांगितलं नाही, छापखान्यातल्या माणसाकडून कळलं. त्या संध्याकाळी मी अंगठी मागून घेतली.

लग्न मे महिन्यात, सोनरहोच्या चर्चमध्ये. त्याची आई येणार आहे. येताना काय आणू असं तिने विचारलंय, मी सांगितलं की दाताळं.

पुस्तक वाचून लोक एमिलला विचारतात की या गावाचं बाकीचं कुठे गेलं. तो सांगतो, तिथल्या बायकांनी ठेवून घेतलं.

तुझ्या लोभात सदैव राहू इच्छिणारी,
आबेलोना