उत्कर्षा शेलार यांच्या नावाची दुरुस्ती

मी, आबाजी दगडू गावडे, वय ६४, निवृत्त संगणक शिक्षक, राहणार कन्हेरी, तालुका बारामती, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो. डॉक्टरांनी हृदयाचे भय सांगितले आहे. डोके ठीक आहे.

१. कन्हेरीचे राहते घर व बँकेतील ठेव पत्नी छबूबाई हिची. तिच्यानंतर मुलगा समर्थ याची. समर्थ, "फुकटचं सॉफ्टवेअर लिहून काय मिळालं?" असे तू नेहमी विचारायचास. कलम ३ वाच.

२. माझे दोन्ही संगणक मी शिकवत होतो त्या शाळेला द्यावेत. हार्ड डिस्क पुसू नये. आतले सगळे कोणीही पाहावे.

३. सामाईक पाइपलाइनवर कोणी किती तास पाणी घ्यायचे, ते ठरवणारा 'पाळी' हा प्रोग्रॅम मी लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. कोणीही कोड वाचावा, दुरुस्ती सुचवावी, असे मीच प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिले होते.

२०१९ साली पळसदेवच्या उत्कर्षा शेलार यांनी दुरुस्ती पाठवली. वीज गेली की पाइप रिकामा होतो, आणि तो पुन्हा भरायचा वेळ ज्याची पाळी असेल त्याच्याच माथी बसतो. त्यांनी तो वेळ सगळ्यांत वाटणारा कोड लिहिला होता. तो माझ्या कोडपेक्षा चांगला होता, हे पहिल्या वाचनातच कळले. मी 'अयोग्य' असा शेरा मारून तो नाकारला आणि अकरा दिवसांनी तोच कोड माझ्या नावाने घातला.

त्यांनी त्या कोडखाली एकच ओळ लिहिली : "सर, हे माझंच आहे ना?" मी ती ओळ पुसली आणि त्यांना प्रकल्पातून काढून टाकले.

पुढच्या वर्षी त्याच दुरुस्तीबद्दल पुण्यात माझा सत्कार झाला. ते पितळी सन्मानचिन्ह मोडीत घालावे. कपाटावरून ते उतरवायचे धाडस मला कधी झाले नाही.

गेल्या कार्तिकात मी पळसदेवला गेलो. बाई कांद्याच्या वाफ्यात होत्या. मी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं असंल. म्हणून परत कोड लिवलाच न्हाय."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

मी म्हणालो, "प्रकल्पाच्या चाव्या, म्हणजे कोड स्वीकारायचा-नाकारायचा हक्क, मृत्युपत्रात तुमच्या नावे करतो."

"मेल्यावर कशाला, सर? लोक म्हणत्याल, सरांनी दया केली. जिवंत हाय तवर सांगा."

म्हणून या कलमाने काहीही वाटून द्यायचे उरलेले नाही. ३ जानेवारीस मी खरे काय ते प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिले आणि चाव्या त्यांना दिल्या. खाली लोकांनी जे लिहिले ते योग्यच होते. माझ्या वारसांनी त्यातला एकही शब्द काढायला सांगू नये.

४. गेल्या आठवड्यात मी एक छोटी दुरुस्ती पाठवली, आता इतर कोणीही पाठवतो तशी. बाईंनी उत्तर दिले : "सर, तिसऱ्या ओळीत चूक हाय. नीट करून परत पाठवा." मी नीट करून पाठवली. त्यांनी ती स्वीकारली आणि पुढे माझे नाव लिहिले. ते वाचताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी सत्कारापासून आजवर कधी वाटली नव्हती.

हे मी स्वतः लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही : आबाजी दगडू गावडे

साक्षीदार :
१. सुयोग माऊली जाचक, राहणार कळंब
२. आक्काबाई गेणू देवकाते, राहणार कन्हेरी

बारामती, १४ फेब्रुवारी २०२५