शकूच्या वाटचा तुकडा

उस्मानाबाद, वैशाख वद्य पंचमी

लेक शकू देवाघरी गेली त्याला वर्ष झालं. आज जावई नव्या बायकोला, कुसुमला, घेऊन आले. पोरीनं डबा बर्फ-मिठात पुरून माझी शकू करायची तेच आइस्क्रीम केलं. खाली चॉकलेट, वर खोबरं.

"कसं झालंय, आई?"

"खोबरं जाडंभरडं राहिलंय," मी फटकन म्हणाले. होतं शकू किसायची तसंच बारीक. तेच सोसवलं नाही.

मागनं देवघरात गेले, तर कुसुम तिथं. दुसरेपणाची बायको म्हणून गळ्यात घालते तो शकूच्या नावाचा चांदीचा टाक तिनं पाटावर ठेवलेला, पुढं पहिला तुकडा. पंख्यानं वारा घालत होती.

"ताईंनी खायच्या आत वितळायला नको."

वाऱ्यानं उलट लवकर वितळतं, हे सांगायला तोंड उघडलं. खोबरं चॉकलेटात उतरलंच होतं.

तिच्या हातातला पंखा घेतला आणि मीच वारा घालत बसले.