साताऱ्यातली ओहोटी

मंगळवार, संध्याकाळ. नेरुळ.

मी बनवलेलं भरती-ओहोटीचं ॲप आयफोनवर बंद करायचं, आज ठरवलंच होतं. त्यात वेळा बघणारे इथल्या सारसोळे गावचे कोळी सगळे अँड्रॉइडवाले. तिथे जाहिरातींचे थोडेफार पैसे येतात. आयफोनवर ॲप ठेवायला ॲपलला भरावी लागणारी वर्षाची फीसुद्धा निघत नाही. तिथे उरलाय एकच माणूस. रोज संध्याकाळी सहाला ॲप उघडतो. कोण असेल? जेट्टीवर बसणारा कुणीतरी म्हातारा, असं मीच धरून चाललो होतो. आठवडाभर कुणाशी धड बोललो नाही, पण सहा वाजले की तो एकच माणूस आला का, ते बघतो. वेडाच आहे मी.

आज तो आला, आणि पाचच मिनिटांत साताऱ्याहून आईचा फोन. दादाने त्याचा जुना आयफोन तिला दिलाय, हे मी विसरलोच होतो.

"आत्ता ओहोटी आहे ना रे तुझ्याकडे? खाडीचा वास येत असेल. खिडकी लावून घे."

साताऱ्यात कुठला आलाय समुद्र! म्हणजे तो एकच माणूस...

खिडकी चार दिवस उघडलेलीच नाही. "लावतो," म्हटलं.