भिंतीतला कापूस

मलकापूर, ४ डिसेंबर १९३८
अब्बा म्हणतच राह्यले, हबीब कुठीच टिकत नाही. घ्या, टिकलो. शेटजीच्या नव्या गाण्याच्या हॉलात पिंजाऱ्याचं काम भेटलं. आमच्या गावात, देऊळघाटात, असा हॉल कोणी पाह्यला नसन. कमान नाही, नक्षी नाही, सपाट सिमेंट. कोपरे वापरलेल्या साबणासारखे गोल. गवयाची एक तान चारदा वापस येते, म्हणून भिंतीवर गोणपाट ठोकून मागं कापूस भरायचा हाय. मी टाळ्या वाजवून पाह्यल्या. लय मजा आली.

९ डिसेंबर
कापूस नवा नाही, जुन्या गाद्यांचा हाय. मुकादम कारभारी म्हणला, ज्यायच्या होत्या ते त्यावरच मेले, म्हणून स्वस्तात भेटल्या. तुले काय त्यावर झोपाचं हाय का बे? अब्बा मेलेल्याचा कापूस जित्याच्या कापसात कधी मिसळत नाहीत, म्हणतात जिताही मंग मेलेल्यायच्यात जाते. पिंजणाची तात, ज्या दोरीनं कापूस पिंजतात, तेही धुऊन घेतात. मले त्याचं हसू यायचं.

१४ डिसेंबर
शेवटच्या भिंतीले कापूस कमी पडला. कारभारी म्हणला, आज भिंत भरली तरच मजुरी. मी माह्या अंथरुणाची गादी फोडली. निघताना बहिणीनं, जमीलानं, आपल्या अंगाखालची काढून दिली होती, तुले थंडी वाजन म्हणून. तवाच ती खोकून राह्यली होती. सगळा कापूस एकत्र पिंजला, भरला. आता टाळी वापस येत नाही. शेटजी खूश.

१६ डिसेंबर
झाडताना भिंतीतून खोकला आला. म्हाताऱ्या माणसाचा. मग आणखी एक. कारभारी म्हणला, धूळ तुह्याच छातीत हाय. तोंड दाबून पाह्यलं. खोकला चालूच.

१८ डिसेंबर
गाणं झालं. हॉल भरला होता. तानेच्या मधी पोरगी खोकली, दोन बारीक अन् एक लांब. जमीला तशीच खोकते. कोणी मागं वळून पाह्यलं नाही. भिंतीतले बाकी सगळे मेलेले. ती जिती हाय—

१९ डिसेंबर
गोणपाट फाडलं. तिचा कापूस शोधला. पिंजल्यावर कोणाचा कोणता— मीच पिंजला, माह्या हातानं. कारभारीनं धरून बाहेर काढलं.

२० डिसेंबर
गावाकडचा कडूबा बाजारात भेटला. म्हणला, जमीलाचा खोकला बंद झाला. आवाजही गेला. नुसती पडून हाय. अब्बाले वाटते, आराम पडला.
हॉलाच्या भिंतीले बाहेरून कान लावला. आतून जमीलाचा आवाज, भाईजान, भाईजान—

२१ डिसेंबर
अब्बा, या पैशाची दवाई आणू नका. कफनाच्या पांढऱ्या कापडाले पाठवून राह्यलो, सात रुपये—