गॅरेजची हाक अध्यक्षांच्या टेबलावर

कारखाना वसाहत, ता. नेवासा
१८ जानेवारी १९९८

तीर्थस्वरूप रंभाजीमामांस,
भीमराजचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? (आई रोज विचारते आणि मी रोज 'थांबला असेल' म्हणून वेळ मारून नेतो.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. निदान बुधवारपासून तरी.

तुमची हयात तारखात्यात, इंग्रजी तारा वाचण्यात गेली, म्हणून हे तुम्हालाच कळेल. मी कारखान्याच्या वायरलेसवर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता मूळ यंत्र मनोऱ्याखाली ठेवून साहेबलोकांच्या टेबलांवर फोनएवढे डबे बसवलेत. त्यांना रिमोट म्हणतात. उसाच्या गट ऑफिसातून एक नंबर दाबला की गॅरेजचा डबा बोलतो, दोनला शेतकी ऑफिसचा, तीनला अध्यक्षांचा. पण कुठल्या डब्याने कुठल्या नंबरला ओ द्यायची, हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते कॉम्प्युटरवरून, वायर जोडून, आत भरावं लागतं. सोमवारी पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने माझ्यासमोर तिन्ही डबे भरले आणि तो जेवायला गेला. कॉम्प्युटर चालूच होता. मामा, डब्यात नंबर जातो तरी कसा, हे बघितल्याशिवाय मला राहवेना. (तुम्हीही राहिला नसतात.) मी अध्यक्षांचा डबा जोडला. पडद्यावर गॅरेजचंच पान उघडं होतं. खाली इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी 'वाय' दाबलं आणि अध्यक्षांच्या डब्यात गॅरेजचा नंबर गेला! निस्तरायला म्हणून तीन नंबरचं पान उघडलं, तर घाईत ते गॅरेजच्याच डब्यात भरलं. एवढ्यात बाहेर चपला वाजल्या. इंजिनिअरने येऊन प्रत्येक डब्यातून 'वन टू थ्री' म्हणून पाहिलं. बोलणं सगळीकडून नीट जात होतं, म्हणून तो खूष होऊन एसटीने गेला. बाहेरून येणारी हाक त्याने तपासलीच नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

मंगळवारी अकराला अध्यक्षांच्या केबिनमध्ये संचालकांची बैठक चालली होती. मी कागद द्यायला दारात उभा. तेवढ्यात टेबलावरचा डबा ओरडला, "लवकर जीप धाडा, तोडणीच्या टोळीतली लंकाबाई अडलीया!" हा गटातला कारकून सहादेव. त्याने हाक मारली होती गॅरेजच्या रंगनाथला. अध्यक्षांनी बटण दाबून विचारलं, "कोण बोलतंय?" तर सहादेव खवळला, "कोन म्हून काय इचारतोस? झोपला हुतास व्हय? बाई मरंल हितं!" संचालक खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. अध्यक्ष मात्र शांतपणे म्हणाले, "न्हाई झोपलो. निघाली गाडी," आणि स्वतःची गाडी लावून दिली. लंकाबाईला नेवाशाच्या दवाखान्यात वेळेवर पोचवलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

बुधवारी इंजिनिअरला परत बोलावलं. मी आपण होऊन केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. नोकरी गेलीच असं धरून चाललो होतो. अध्यक्ष म्हणाले, "कुणी शिकवलं तुला हे?" मी म्हटलं, "कुणी नाही साहेब, बघून केलं." "म्हनून उलटं केलं," ते म्हणाले आणि बाहेर बसलेल्या इंजिनिअरला आत बोलावून विचारलं, "एका हाकेला दोन डबे बोलतील का?" तो म्हणाला, बोलतील. तेव्हापासून गॅरेजची हाक अध्यक्षांच्या टेबलावरही येते आणि रंगनाथची दुपारची झोप बंद झाली. (तो माझ्याशी बोलत नाही.)

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा, अजून नोकरीवर असलेला भाचा,
भीमराज

ता. क. मी आपण होऊन कबूल केलं हे खरं आहे. पण कोणत्या दिवशी किती वाजता काय बदललं, हे कॉम्प्युटर लिहून ठेवतो, असं इंजिनिअर बाहेर बाकावर सांगत होता. त्यानंतर मी आत गेलो.

ता. क. दुसरा. अध्यक्ष मला पंधरा दिवस पुण्याला हे काम शिकायला पाठवणार आहेत. मला इंग्रजी वाचता येतं, असं मी त्यांना सांगून बसलोय. जायला तीन आठवडे आहेत. तर मामा, गुडघा दुखत असला तरी पत्र मिळताच पहिल्या एसटीने या. आईला मात्र सांगा, तिची आठवण आली म्हणून आलात.